टाका बसावा, रुतू नये : एका उसवलेल्या गोधडीचं प्रकरण

गोधडीची घडी भिंतीला टेकवली आणि ती उभी राहिली. गोधडी कधी उभी राहत नाही. ती घसरते, ढेपाळते, जमिनीवर बसकण मारते. ही ताठ उभी राहिली, यातच सगळं आलं.

सातारा जिल्ह्यातल्या एका घरातली ही गोष्ट. आजी गेल्यावर नातीनं त्यांच्या ट्रंकेतली पाच लुगडी-पातळं बाजूला काढली. नात गरोदर होती. बाळंतपणाला माहेरी येईपर्यंत आजीच्या कपड्यांची एक गोधडी आणि बाळासाठी एक दुपटं तयार हवं, एवढीच तिची इच्छा. मशीनवर गोधड्या शिवणाऱ्या एका कारागिराकडे काम दिलं आणि तीन दिवसांत गोधडी हातात आली. दिसायला देखणी, रेघा पट्टीनं आखल्यासारख्या. पण पांघरली की खांद्यांवर तंबूसारखी उभी राहायची आणि कुशीवर वळलं की कर्रकर्र वाजायची. नातीच्या आईनं एका शब्दात निकाल दिला, "पुठ्ठा झालाय." मग ती उसवून हातानं पुन्हा शिवण्यासाठी गावातल्या चार बायकांकडे आली.

कारागिराला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याची शिवण चोख होती. तो टिकाऊ वस्तू बनवायला बसला होता आणि घरच्यांना मऊ वस्तू हवी होती. या दोन कामांची गणितं वेगळी आहेत.

कापडात काय होतं

गोधडीचा आकार साधारण साडेचार फूट बाय साडेसहा फूट, म्हणजे 1.35 बाय 2 मीटर. थर पाच. वरच्या बाजूला इरकल, तिचा लाल पदर मधोमध दिसेल असा. आत एक टेरिकॉटचं पाचवारी, एक ठेवणीतलं जरीकाठी लुगडं आणि रोजच्या वापरातलं एक सुती नऊवारी. पाठीला दुकानातून आणलेलं कोरं मांजरपाट, तेही न धुता लावलेलं. रोजच्यातलं दुसरं नऊवारी विटलेलं दिसलं म्हणून कारागिरानं परत पाठवलं होतं. गोधडीला सगळ्यात लायक कापड नेमकं तेच होतं.

मऊपणा कापडात घालता येत नाही. कडक करणारं एकेक निघून गेलं की जे उरतं ते मऊ. माग चालताना ताणा, म्हणजे उभे धागे, तुटू नये म्हणून सुताला खळ दिलेली असते आणि घरी धुतल्यावर वर कांजी चढते. वर्षानुवर्षांच्या धुण्यात खळ जाते, सुताचा पीळ थोडा सैलावतो, तंतूंची टोकं बाहेर येऊन कापडावर बारीक लव उभी राहते, आणि आडवे-उभे धागे एकमेकांवरून सहज सरकू लागतात. हाताला जे मऊ लागतं ते हे सरकणं. याची किंमतही असते. जे कापड इतकं मऊ झालंय ते तेवढंच अशक्त झालेलं असतं. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये, हे माणसांबद्दल म्हणतात, पण जुन्या लुगड्याला ते शब्दशः लागू आहे.

टेरिकॉटचं तसं नाही. त्यातल्या पॉलिस्टरचा तंतू धुऊन धुऊन मऊ होत नाही, त्याला फक्त बारीक गोळे येतात. घाम तो पीत नाही आणि कापसासारखा आटतही नाही. कोऱ्या मांजरपाटाचं उलट. पहिल्याच धुण्यात ते सहज पाच टक्के आटू शकतं. दोन मीटरला पाच टक्के म्हणजे दहा सेंटिमीटर. वरची इरकल केव्हाच आटून बसलेली, खालचं मांजरपाट आता आटणार आणि मधलं टेरिकॉट कुणाचंच ऐकणार नाही. या गोधडीचं पहिलं धुणं अजून व्हायचं होतं म्हणून बरं. झालं असतं तर ती चुरगळलेल्या पापडासारखी आक्रसली असती.

शिवणीत काय होतं

कापड निम्मं दोषी, शिवण निम्मी. निम्म्याहून जास्तच म्हटलं तरी चालेल.

वहीची पानं नुसती शिवलेली असली की वही वाकते. तीच पानं खळीनं एकमेकांना चिकटवली की पुठ्ठा होतो. कागद तोच, वजन तेच. फरक एवढाच, की वही वाकताना पानं एकमेकांवरून सरकतात आणि पुठ्ठ्यात सरकू शकत नाहीत. याचं गणित सरळ आहे. पाच थर मोकळे सरकत असतील तर त्यांचा ताठपणा एका थराच्या पाचपट होतो. पाचही एकजीव झाले तर पाचाचा घन, म्हणजे सव्वाशे पट. प्रत्येक गोधडी या पाच आणि सव्वाशेच्या मध्ये कुठंतरी असते. कुठं असेल ते टाक्यावर ठरतं.

मशीनची शिवण होती अर्ध्या इंचावर, टाका अडीच मिलिमीटरचा. म्हणजे 2.7 चौरस मीटरच्या गोधडीत सुमारे 216 मीटर शिवण आणि शहाऐंशी हजारांवर भोकं. हातानं शिवताना ओळी एक इंचावर येतात, टाका वर अर्धा सेंटिमीटर, खाली अर्धा. तेव्हा शिवण भरते 108 मीटर आणि भोकं साडेएकवीस हजार. चौथा हिस्सा. शिवाय मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकून थर दोन्हीकडून आवळतात. धावदोऱ्यात दोरा एकच, तो थरांमधून नागमोडी जातो आणि कापडाला हलायला जागा ठेवतो.

त्यात दोरा पॉलिस्टरचा. हा दोरा तुटत नाही, हेच इथं वाईट. जुन्या कापडात दोरा कापडापेक्षा दणकट असला की ताण आल्यावर तो तारेसारखा कापड कापतो. जुन्या कापडाला दोरा नेहमी त्याच्याहून थोडा दुबळा हवा. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो. आजीचं लुगडं पुन्हा आणता येत नाही.

उसवणं आणि धुणं

उसवायला दोन दुपारी गेल्या. वरून ब्लेड फिरवायचा मोह होतो, पण तसं केलं की जुनं कापड हमखास फाटतं. पाठीच्या बाजूनं दर चौथा-पाचवा टाका बारीक कात्रीनं कापायचा, मग खालचा दोरा सुईच्या नाकानं उचलून ओढायचा. वरचा दोरा आपोआप सुटून येतो. अडला तर ओढायचं नाही, आणखी एक टाका कापायचा. भोकं राहतात. त्यातली बरीचशी पाण्यात गेल्यावर बुजतात, कारण सुईनं जिथं सूत नुसतं बाजूला सारलं होतं तिथं ते जागेवर परततं. जिथं सूत तुटलंय तिथं भोक कायमचं. इरकलीवर अशी दोन ओळींभर भोकं राहिली. ती बाजू आतल्या थरात गेली.

मग निवड. टेरिकॉट आणि मांजरपाट बाद. जरीकाठीचे काठ कापून ठेवले, कारण जरीची तार बोचते आणि तुटली की तिचं टोक कातडीला ओरखडतं. लुगड्याचं अंग सुती निघालं, ते घेतलं. इरकलीत एक खोच आहे. तिच्या अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळे असतात आणि मागावरच फासे अडकवून जोडलेले असतात. त्या जोडाची एक बारीक वरंबी हाताला लागते. मशीनवाल्या गोधडीत ती नेमकी छातीच्या उंचीवर आली होती. पदर जोडापासून वेगळा केला. शिवाय लाल पदर रंग सोडतो का ते ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहिलं. सोडत होता. पदर गोधडीबाहेर गेला.

नातीला हे पटेना. लाल पदर तिच्या आठवणीतला होता. चौघींतल्या थोरल्या मावशींनी वाद घातला नाही. त्यांनी विचारलं, "आजी घरात रोज काय नेसायच्या गं?" नातीनं परत आलेल्या त्या विटक्या नऊवारीकडे बोट केलं. "मग वर तेच घालूया. पदराची वेगळी पिशवी शिवते, गोधडी ठेवायला." नात कबूल झाली. कापडाचा प्रश्न होता, तो पाच मिनिटांत सुटला. नुसतं "रंग जाईल" म्हणून पदर परत केला असता तर सुटला नसता.

नऊवारी म्हणजे सुमारे आठ मीटर वीस सेंटिमीटर, पन्हा सव्वा मीटरच्या आत. या मापाच्या गोधडीचे तीन थर एका नऊवारीतून निघतात आणि थोडं उरतं. पण जुन्या लुगड्यात सगळं कापड कामाचं नसतं. कासोट्याचा भाग आणि बसण्याचा भाग सगळ्यात आधी विरतो. खालचा काठ पायांना घासून झिजतो. तपासायला कापड उजेडासमोर धरायचं, विरळ जाळी दिसली तर तिथं खडूनं खूण करायची. मग दोन अंगठे जवळ टेकवून कापड हलकेच ताणायचं. नुसतं लवलं तर मऊ आहे, चर्र आवाज आला तर कुजलंय. मऊ आणि कुजकं यांत फरक करता येणं ही या कामातली निम्मी विद्या.

निवडलेली लुगडी रात्रभर कोमट पाण्यात, साबण न घालता, भिजत टाकली. कांजी उरली आहे का हे बघायला एक सोपी खूण आहे. औषधाच्या दुकानात मिळणारं तपकिरी आयोडीन पाण्यात पातळ करून एक थेंब कोपऱ्यावर टाकायचा. निळा-काळा डाग उमटला तर कांजी आहे. ठेवणीतल्या लुगड्यावर ठळक उमटला. ते आणखी दोन गरम पाण्यांतून काढावं लागलं. नंतर साधी साबणाची धुणावळ. पाणी बोअरचं, जड. जड पाण्यात साबणाचा चिकट साका कापडात बसतो आणि वाळल्यावर कापड खरखरीत होतं. म्हणून शेवटच्या बादलीत दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर. दुकानात मिळणारं मऊपणाचं द्रावण वापरलं नाही. ते तंतूंवर स्निग्ध लेप चढवतं. हाताला गुळगुळीत लागतं, पण कापड पाणी प्यायचं कमी होतं आणि बाळाच्या कपड्यात तर तेच नको असतं.

वाळवणं वाऱ्यावर. वारा नसलेल्या जागी वाळलेलं सुती कापड ताठ होतं, कारण तंतूंच्या पृष्ठभागाला चिकटून राहिलेलं अगदी थोडं पाणी त्यांना एकमेकांशी जोडून ठेवतं. फडफडत वाळलं की हे जोड बसायच्या आत तुटतात. घडी घालण्याआधी कापड दोघींनी धरून झटकण्याची पद्धत आहे, ती काही उगीच पडलेली नाही.

शिवण

थर पाचच ठेवले. खाली ठेवणीतल्या लुगड्याचा जरा दमदार थर, मध्ये इरकल आणि नऊवारीचे तुकडे, वर ते विटकं नऊवारी. विरळ जागा एकावर एक येऊ दिल्या नाहीत. मधल्या थरांचे तुकडे जोडताना कडा दुमडल्या नाहीत, नुसत्या बोटभर एकमेकांवर चढवल्या. दुमडून जोडलं की तिथं थर दुप्पट होतात आणि अंगाखाली रेघ लागते. सगळं मिळून वजन सव्वा किलोच्या आसपास.

जमिनीवर सतरंजी, तिच्यावर थर. प्रत्येक थर मधून कडेकडे तळव्यानं सारायचा. मग थर तात्पुरते धरून ठेवणारा कच्चा टाका, तोही मधून बाहेर, चांदणीसारखा. इथं बऱ्याच जणी चुकतात. आपल्याकडे गोधडीची पक्की शिवण कडेनं सुरू होते आणि चौकटीत चौकट घेत आत येते. त्यामुळे कडा आधी बंद होतात, पण जादा कापड प्रत्येक फेरीत आत ढकललं जातं. कच्चा टाका मधून घातलेला नसेल तर शेवटी मधोमध फुगा उरतो आणि त्याला चिमटा घेण्यावाचून इलाज नसतो. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमधले सिद्दी, आफ्रिकी वंशाचे लोक, त्यांची गोधडी म्हणजे कवंदीही अशीच कडेनं आत शिवत येतात आणि चारही कोपऱ्यांत घडी घातलेले त्रिकोणी तुकडे, फुलं, लावतात. मशीनच्या आखीव रेघांपेक्षा ही फिरती ओळ गोधडीला जास्त शोभते, हे आमचं मत.

सुई लांब, मध्यम जाडीची, टोक थोडं बोथटलेली. अगदी अणकुचीदार सुई जुनं सूत चिरते, बोथट सुई दोन सुतांमधून वाट काढते. दोरा सुती, दुहेरी, मेणावरून एकदा ओढलेला. लांबी दीड हात. त्याहून लांब घेतला की कापडातून जाऊन जाऊन शेवटच्या हातभर दोऱ्याची लव निघते. पूर्ण गोधडीला दुहेरी धरून अडीचशे मीटरच्या आसपास दोरा लागला. गाठ मारायची नाही. गाठ म्हणजे अंगाखालचा खडा. ओळ सुरू करताना आणि संपवताना दोन उलटे टाके घ्यायचे आणि टोक थरांच्या आत सोडून द्यायचं.

एका वेळी सुईवर तीन-चार टाके भरायचे, दोरा ओढायचा, कापडाला किंचित खळी पडली की थांबायचं. मग अंगठ्यानं ओळीवरून मागे सारत ती खळी अर्धी मोकळी करायची. मावशींचं वाक्य तेवढंच होतं, "टाका बसावा, रुतू नये." बसलेल्या टाक्याखाली बोटाचं नख सरकवून पाहिलं तर अडत अडत जातं. रुतलेल्या टाक्याखाली जातच नाही. लोंबकळत असेल तर सैल आहे, त्यात पायाचा अंगठा अडकणार.

हात

चौघींतली एक नवी होती. ब्लाउज शिवण्यात पटाईत. ब्लाउजाचा टाका घट्टच लागतो, तिथं सैल टाक्याला फुसकी शिवण म्हणतात. तिच्या हाताची ती सवय गोधडीत आली. तिसऱ्या फेरीला तिच्या बाजूचा कोपरा आत ओढला गेला. पट्टीनं मोजल्यावर कड समोरच्या कडेपेक्षा दोन बोटं कमी भरली. टाके मात्र सगळ्यांत सुबक तिचेच. घट्ट हात बहुधा निष्काळजीपणातून येत नाही. आपलं काम दिसावं, कुणी बोट ठेवू नये, या काळजीतून येतो.

मावशींनी ते पाहिलं. उसवायला सांगितलं नाही आणि चारचौघींत बोलल्याही नाहीत. चहा झाल्यावर म्हणाल्या, "माझे पाय आखडले, जरा जागा बदलूया." त्या कोपऱ्यात स्वतः बसल्या. पुढच्या फेरीपासून प्रत्येक फेरीला चौघी एकेक बाजू सरकत राहिल्या. याचा धंद्याच्या दृष्टीनं नेमका उपयोग होता. चार हातांचे चार ताण चारही बाजूंना सारखे वाटले गेले आणि कोपरा हळूहळू परत बाहेर आला. त्या फेरीतल्या फक्त वीसेक टाक्यांना सुईनं उचलून सैल करावं लागलं. नव्या बाईच्या हातात फरक पडला तो सहाव्या फेरीला, शेजारणीची ओळ बघून. तिला त्या दिवशी बोललं असतं तर हात आणखी घट्ट झाला असता. शिवणाऱ्याचे खांदे वर गेले की पहिल्यांदा दोरा ताणला जातो.

दिवस किती लागले? चौघी मिळून दोन दुपारी आणि एक सकाळ. एकटीचं काम धरलं तर पंचवीस-तीस तास. मशीनला याच्या पाव वेळही लागत नाही, त्यामुळे हातगोधडीची मजुरी ऐकून लोक दचकतात. गिऱ्हाइकाशी बोलताना हा हिशेब आधीच मांडावा. भाव पाडून घाईनं शिवली की ओळी दोन-दोन इंचांवर जातात, आणि मग पहिल्या धुण्यात आतले तुकडे गोळा होतात.

पारख करायला घरगुती रीत पुरते. गोधडीची कड टेबलावरून हळूहळू बाहेर सरकवायची आणि ती कधी मान टाकते ते बघायचं. उसवण्याआधी ही गोधडी वीतभर बाहेर येऊनही आडवीच होती. आता चार बोटांवर ओघळते.

दुपटं

नातीला दुपटंही तसंच, किंवा त्याहून गुबगुबीत हवं होतं. इथं मावशी अडल्या. तान्ह्या बाळाच्या अंथरुणात गुबगुबीत काही नको. तोंडावर आलं तर बाळाला ते बाजूला सारता येत नाही. बालरोगतज्ज्ञही झोपायची जागा सपाट आणि घट्ट ठेवायला, मोकळी पांघरुणं आणि उशा दूर ठेवायला सांगतात. म्हणून दुपटं तीन थरांचं, मीटर बाय मीटर, ओळी पाऊण इंचावर. जागेपणी मांडीवर घ्यायला आणि खाली अंथरायला. कापड उरलेल्या नऊवारीचं. झालर नाही, लोंबता दोरा नाही, टिकली नाही.

गोधडी पहिल्यांदा धुताना थंड पाणी, वेगळी बादली. पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं. ओली गोधडी एका दोरीवर टाकली की आपल्याच वजनानं मधोमध ताणून टाके तुटतात, म्हणून दोन दोऱ्यांवर किंवा बाजेवर. वर्षभरात वरच्या थराला कुठं विर पडलीच तर त्यावर त्याच नऊवारीचं ठिगळ लावायचं. हातभर कापड त्यासाठी काढून लाल पदराच्या पिशवीत ठेवून दिलंय, सुई आणि मेणाच्या तुकड्यासकट.